उरलेल्या ताकाची विल्हेवाट

आईने ताक करणं बंद केलं. पण हे झालंच नाही असं समजून पुढे वाचावं. आम्ही घरातलेही तसंच समजून चाललो आहोत, आणि ठीक चाललंय.

तर, आई लोणी करते. डेअरीतून साय आणायची, विरजण लावायचं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घुसळायचं. लोणी कोपऱ्यावरच्या पाववाल्याला, ताक बाबांना, अशी वाटणी. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. कामावरून आले की स्वयंपाकघराच्या दारात उभ्या उभ्या तांब्याभर ताक प्यायचे, मिशी पुसायचे आणि "आज जरा आंबट आहे," म्हणायचे. रोज. आंबट नसलं तरी. मला आणि ताईला ताकाचा वासही सहन होत नाही. आईला तर लग्नाआधीपासून होत नाही. त्यामुळे आमच्याकडे ताक कधी उरलंच नाही, आणि उरल्यावर काय करायचं हे शिकायची वेळ कुणावर आली नाही.

मग बाबा गेले. एका इमारतीच्या जिन्यात, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट बंद होती आणि ती दुरुस्त करायलाच ते चढत होते. इमारतीने शोकसभा ठेवली ती तळमजल्यावर, कारण लिफ्ट अजून बंदच होती.

त्यानंतर ताक उरायला लागलं. फ्रिजमध्ये आधी एक बरणी, मग दोन-तीन, मग पाण्याच्या बाटल्यांनाच घराबाहेर काढल्यासारखं ओट्यावर यावं लागलं. का उरतंय हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी विचारलं नाही. लोक ताकाला जाऊन भांडं लपवतात. आमच्याकडे भांडी उघड्यावर मांडलेली होती, बोलणं तेवढं लपवलेलं.

आईने ते स्वयंपाकात जिरवायला घेतलं. पावाचं पीठ ताकात मळलं. पाव छान फुगला, पण खाताना कुणी कुणाकडे बघत नव्हतं. कोंबडी रात्रभर ताकात भिजवली, तर ती इतकी मऊ झाली की तिचा कशालाच विरोध उरला नाही.

"ही आपल्यापेक्षा लवकर सावरली," ताई म्हणाली.

बटाटे ताकात शिजवले, तेव्हा मात्र ताक फाटलं. ताटात हिरवट पाणी आणि त्यात चोथा. आईच्या सोबतीला येऊन राहिलेली मावशी म्हणाली, "आधी थोडं पीठ लावायचं आणि ढवळत राहायचं. मधेच सोडून गेलं की फाटतं."

"सोडून कोण गेलंय?" आई म्हणाली.

आणि फाटलेलं तसंच ढवळत राहिली.

"अगं, ओतून दे सरळ," मावशी शेवटी म्हणाली. "नाहीतर साय तरी कमी आण. अर्धीच घुसळ."

"ओतायला ते काय पाणी आहे? आणि पाववाल्याला लोणी पुरायला नको?"

धंदा तो धंदा.

पुढच्या आठवड्यात मी पाववाल्याकडे यीस्ट आणायला गेलो. त्याने पैसे घेतले नाहीत. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

"आईला म्हणावं, मनात काही ठेवू नका," तो म्हणाला.

"कशाबद्दल?"

"मी लोणी बंद केलं ना. हल्ली वनस्पती तूपच घालतो, परवडत नाही रे. तुझे बाबा गेले त्याच्या आदल्या आठवड्यातच सांगितलं होतं आईला. नंतर वाईट वाटलं फार."

घरी येऊन मी आणि ताईने फ्रीझर उघडला. आत लोणी होतं. पिशव्यांत बांधलेले गोळे, एकावर एक, भिंत बांधल्यासारखे. ते निघता निघेनात, म्हणून ताईने उलथनं लावलं, तर उलथनंच वाकलं. आम्ही इतके दिवस समजत होतो की लोणी काढल्यावर ताक उरतंय. प्रकार उलटा होता. उरत होतं ते लोणी.

"आई, हे काय?"

"लोणी."

"दिसतंय. कुणासाठी?"

"कुणासाठी नाही. ताक करायचं म्हटलं की लोणी निघतंच. त्याला मी काय करू?"

"आणि ताक कुणासाठी?" ताईने विचारलं. हे कुणीतरी कधीतरी विचारणारच होतं.

आई रवी धूत होती. स्वच्छ झाली तरी धूत राहिली. "त्यांच्या यायच्या वेळेला हातात काहीतरी असावं लागतं," ती म्हणाली. मग नळ बंद केला. "बरं. उद्यापासून नाही."

आणि ती शब्दाची पक्की. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही हात मांडीवर ठेवून खुर्चीत बसली. हात कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखे. मावशीने टीव्ही लावून दिला. आई हवामानाच्या बातम्या बघत होती, जिथे आमचं कुणीही राहत नाही अशा शहरांच्या. जिन्यात पाऊल वाजलं की तिची मान दाराकडे वळायची आणि शेजारी आपापल्या घरात जायचे. त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच. तिने जेवायचंही जवळजवळ सोडलं. ताक संपलं होतं आणि आम्हाला हवं ते मिळालं होतं.

मला ते बघवेना. मी डेअरीत जाऊन सायीचा डबा आणला आणि ओट्यावर ठेवला.

"डेअरीवाल्याने चुकून दिली," मी म्हणालो.

"चुकून?"

"हो."

"पहिल्यापासून वेंधळाच आहे तो," आई म्हणाली आणि तिने विरजणाची वाटी काढली.

मावशीने कपाळावर हात मारला. मग उठली आणि ताकाला लावायला पीठ चाळत बसली.

ताक आता पुन्हा उरतं. मी एकदा नाक दाबून पिऊन पाहिलं. एका घोटात बेसिन गाठलं. ताईचंही तेच झालं. घरच्या पातळीवर शक्य ते सर्व उपाय करून झाले आहेत.

सबब, संबंधित अधिकाऱ्यांस विनंती की, आपल्या ताब्यातील एका इसमास रोज संध्याकाळी दहा मिनिटांकरिता घरी सोडण्यात यावे. सदर इसम बूट न काढता आत आल्यास त्यास कोणी काही बोलणार नाही, अशी तोंडी हमी त्याच्या पत्नीने दिली आहे. ओळख पटवण्यासाठी कागदपत्रांची आवश्यकता नाही. कृपया त्वरित कार्यवाही व्हावी.