सतरा कागदी कप

मित्रांनो, मी कुंभकोणमचा एक जुना पितळी पेला आहे. कौतुकाच्या चार गोष्टी मलाही सांगता आल्या असत्या. पण आज मला जिची लाज वाटते, तीच गोष्ट मी सांगणार आहे.

इथल्याच एका कारागिराने मला घडवलं आणि मी साईकुमारांच्या कॉफीच्या दुकानात आलो. साईकुमार तंजावरी मराठी माणूस. घरात मराठी, गल्ल्यावर तमिळ. माझ्यातली फेसाळ कॉफी पिऊन लोक माना डोलवत, आणि मी चिंचेने घासून घेऊन फळीवर ऐटीत बसे.

मग जवळच्या कॉलेजात आफ्रिकेतली सतरा मुलंमुली शिकायला आली. ती कॉफीला आली की साईकुमार त्यांना कागदी कप देत. त्यांच्या पत्नी नागलक्ष्मी एकदा म्हणाल्या, "कां हो, त्यांस पितळेंत कां देत नाही?"

"ते ओठ लावून पितात. उष्टं होतं."

पेला ओठांना न लावता वरून तोंडात ओतायची आमच्याकडे जुनी रीत आहे, हे खरं. पण कोण कसं पितं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? बँकेतले साहेब, खुद्द साईकुमारांचे मेहुणे, सगळे मला खुशाल ओठ लावत. तरी त्या काळ्या हातांत आपल्याला जावं लागत नाही, याचा मला आनंद व्हायचा. हे सांगताना आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

युगांडाचा जोसेफ मोठा चिकाटीचा. शर्ट भिजवत भिजवत तो वरून प्यायला शिकला. साईकुमारांनी खूश होऊन त्याला माझ्यातून कॉफी दिली. "तू त्यांच्यासारखा नाहीस," असंही म्हणाले. जोसेफ आत बाकावर बसू लागला. बाकीचे बाहेर उभे. त्यांच्यातही सुदानचे एकीकडे, टांझानियाचे दुसरीकडे.

एक दिवस टांझानियाची नीमा दारातूनच त्याला म्हणाली, "एकेकट्याने आत जाऊन कुणी मोकळं होत नाही, जोसेफ."

जोसेफने मान खाली घातली. पुढचा महिनाभर त्याने सगळ्यांना वरून प्यायला शिकवलं. मग एका सकाळी सतराही जण एकदम आत आले.

"आता सगळ्यांना पितळेत द्या," जोसेफ म्हणाला.

"इतके पेले कुठे आहेत?" साईकुमार पुटपुटले. आम्ही तीस पेले त्यांच्या पाठीमागे चकाकत होतो.

साईकुमारांनी जोसेफच्या हाती मला भरून दिलं होतं; त्याने मला तसंच गल्ल्यावर ठेवलं. "मग मलाही नको." सगळे बाहेर पडले.

दोन महिने त्यांच्यातलं कुणीही आलं नाही. साईकुमारांनी एकेकट्याला गोड बोलून बोलावून पाहिलं, पण कुणी फुटलं नाही. अखेर नागलक्ष्मी स्वतः कॉलेजच्या फाटकाशी गेल्या आणि सतराही जणांना घेऊन आल्या. साईकुमारांनी मुकाट्याने सतरा पेले भरले.

मला नीमाने उचललं. तिला वरून पिता येत होतं. पण साईकुमारांकडे बघत तिने मला सरळ ओठांना लावलं. माफी मात्र कुणीच मागितली नाही.

मित्रांनो, भांडं जपायचं म्हणजे नुसतं घासायचं नव्हे. तुमच्या घरात कुणासाठी वेगळा कप ठेवला असेल, तर तो आजच काढून टाका. तुम्ही म्हणाल, फळीवरून उतरून त्यांच्याकडे जायला तुला पाय कुठे होते? खरं सांगतो, पाय असते तरी मी गेलो नसतो.