हौद्यातले सहा पाय

आमच्या तालमीच्या हौद्यात यंदा सहा पाय उगवले, आणि त्यांतल्या कुठल्याही दोघांची जोडी जमत नव्हती. कुणाचा डावा, कुणाचा उजवा. तळवे आढ्याकडे, बोटं किंचित वाकलेली. म्हणजे पोरं सहा होती आणि प्रत्येकाचा दुसरा पाय अजून मातीत होता. यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. नवल एवढंच की ते शिमग्याच्या आधी आले. एरवी पाडवा उलटल्याशिवाय कुणी तोंड, म्हणजे तळवा, दाखवत नाही.

चिंचबन तालमीत कुस्ती बंद पडून बराच काळ झाला. हौद्यातली माती मात्र आम्ही मरू दिली नाही. तिच्यात ताक, हळद, तेल, लिंबू सगळं वेळच्या वेळी पडतं, आणि तिच्यातून फुटबॉलची पोरं येतात. आधी तळवा, मग पोटरी, गुडघा, कंबर, आणि सगळ्यांत शेवटी डोकं. पुरता खेळाडू बाहेर यायला कित्येक हंगाम जातात. मधेच उपटून बघता येत नाही, आणि काय निघेल ते सांगता येत नाही. एकदा कमरेपर्यंत अप्रतिम फॉरवर्ड आला होता. आम्ही पेढे वाटले. वरचा भाग निघाला तो तलाठ्याचा. ज्याचं डोकं येतच नाही त्याला पंच करतात, असं शेजारच्या गल्लीतले लोक म्हणतात. आम्ही म्हणत नाही, कारण पंचांशी आमचं काम पडतं.

मी या तालमीचा अध्यक्ष. जन्म गुळाच्या अडतीवर गेला. आता घरी असतो, म्हणजे तालमीत असतो. लहानथोर सगळे मला अण्णा म्हणतात आणि माझं कुणी ऐकत नाही.

सहावा पाय हौद्याच्या अगदी कडेला होता, आणि त्याला करंगळीपलीकडं एक जादा बोट होतं. ते बोट आमच्या घराण्यातलं. माझ्या वडिलांना होतं, मला आहे, पुण्यातल्या माझ्या मुलाला आहे. मुलगा आणि सूनबाई ‘इतक्यात नको’ म्हणत म्हणत चाळिशीला आले. मी त्या पायाकडे बघितलं आणि कुणाला काही बोललो नाही. त्याच्या वाटचं ताक तेवढं वाढवलं.

आता अडचण सांगतो. रविवारी फायनल होती, बुरूज तालमीशी. आमच्याकडे जुनी रीत अशी की हरलेल्या तालमीनं जिंकलेल्या तालमीला आपल्या हौद्यातली पाटीभर माती द्यायची. आम्ही इतक्या निष्ठेनं हरत आलो होतो की हौद्यात आता एका पाटीपुरतीच माती उरली होती. तिच्याखाली काळा दगड. रविवारी हरलो तर ती पाटी जाणार, आणि पायांना मूळ धरायला जागा राहणार नव्हती. जिंकायचं तर गोल मारणारा माणूस हवा. गोल मारणारा माणूस बुरूज तालमीकडे होता, दौलत हंकारे, आणि त्याच्या बदल्यात त्यांना हवे होते ते हे सहा पाय. त्यांच्याकडे नावाजलेले खेळाडू इतके साठले होते की बाकावर बसायला जागा नव्हती. एक गेला तर त्यांना सुटल्यासारखंच होतं.

म्हणजे पाय ठेवले तर माती जाणार, आणि माती ठेवली तर पाय जाणार. असला हिशेब अडतीवर कुणी आणला असता तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं.

शनिवारी सकाळी कमिटी बसली. कमिटी म्हणजे मी, सेक्रेटरी हिंदुराव साळोखे आणि प्रशिक्षक मुजावर मास्तर. हिंदुरावांचं म्हणणं, हंकारे घ्यावा. मास्तरांचं म्हणणं, पाय ठेवावेत. दोघंही आपलं म्हणणं नीट मांडायचे आणि शेवटी ‘पण’ म्हणायचे. आमच्या तालमीत ‘पण’ म्हटलं की रस्त्याकडची भिंत एक फरशी आत सरकते. फार जुनी भिंत आहे, तिला कुणी दोष देत नाही. दुपारपर्यंत लेझमींचं कपाट हिंदुरावांच्या पाठीला टेकलं आणि खुर्च्या बाहेर काढाव्या लागल्या. आम्ही जाजमावर बसलो.

“हंकारे झालेला खेळाडू आहे,” हिंदुराव म्हणाले. “सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलाय.”

“तेच म्हणतोय की मर्दा,” मास्तर म्हणाले, “तो झालाय. हे व्हायचेत.”

“पण रविवार उद्या आहे.”

भिंत सरकली.

तेवढ्यात हंकारे स्वतःच आला. बुरूजवाल्यांनी त्याला, पारखून घ्या म्हणून, पाठवला होता. त्याच्यामागून त्यानं आजवर मारलेले सगळे गोल, खांब आणि जाळ्यांसकट, शेरडांसारखे गल्लीत शिरले. रस्ता भरला. समोरच्या हिराक्कांनी दार उघडलं, एका गोलाच्या आडव्या दांडीवर लुगडं वाळत घातलं, आणि मला हाक मारून विचारलं की ही जनावरं कुणाची आणि कधी हलणार. मी म्हटलं, आक्का, विचार चाललाय. त्या म्हणाल्या, “अण्णा, तुमचा विचार चाललाय तेवढ्यात माझी म्हैस म्हातारी झाली.”

हंकारे माणूस नम्र. सावकाश बोलायचा आणि फक्त झालेल्या गोष्टींबद्दल बोलायचा. मी त्याला विचारलं, उद्या गोल मारशील का? तो म्हणाला, सांगलीविरुद्ध मारला होता. मी विचारलं, चहा घेणार का? म्हणाला, मघाशी घेतला होता. हिंदुराव मोठ्या अभिमानानं माझ्याकडे बघत होते.

काहीच ठरेना, म्हणून मी अडतीवरून गुळाचा जुना तराजू आणवला, दोन पारड्यांचा, आणि आढ्याला टांगला. हौद्याच्या कडेला, कारण जागा तेवढीच राहिली होती. एका पारड्यात हंकारेला बसवलं. पारडं हललं नाही. तो बसला काय आणि नाही काय. मास्तर म्हणाले, याचं वजन बाहेर गल्लीत उभं आहे. दुसऱ्या पारड्यात पाय ठेवायचा तर उपटावा लागणार, म्हणून आम्ही पारडंच खाली ओढून त्या कडेच्या, सहा बोटांच्या तळव्यावर टेकवलं. तळव्यानं क्षणभर अंदाज घेतला, पारडं बाजूला ढकललं, आणि ते हातातून निसटून खाली आपटलं. हंकारे वर गेला तो सरळ आढ्याच्या तुळईवर जाऊन बसला.

“बघितलं? वजन आहे,” मी म्हणालो. माझा आवाज जरा चढला असावा.

“ही लाथ आहे, अण्णा,” हिंदुराव म्हणाले. “वजन नव्हे.”

“आपल्याला लाथच पाहिजे ना?” मास्तर म्हणाले.

“पाहिजे. पण मापात पाहिजे.”

भिंत सरकली. हंकारेनं वरून सांगितलं की तो असाच एकदा कऱ्हाडला अडकला होता.

शनिवार तसाच गेला. मी घरी जेवायला जायला उठलो तर दार मांजरापुरतं झालं होतं. हिराक्कांनी त्यातून भडंगाची पुडी आत सरकवली. आम्ही खात बसलो. कुणी कुणाशी बोलायचं नाही असं ठरलं होतं, आणि एवढी एकच गोष्ट त्या दिवशी एकमतानं ठरली. एकदा मास्तर झोपेत ‘पण’ म्हणाले आणि आमचे गुडघे हौद्यात आले.

रविवारी बुरूज तालमीचे अध्यक्ष सर्जेराव इंगवले स्वतः आले. भरदार माणूस, फेटेवाला, आणि माझं जुनं गिऱ्हाईक. त्या दारातून ते आत कसे आले ते मी विचारलं नाही, कारण त्यांनीही मी आत कसा राहतो ते विचारलं नाही. ते माझ्यासमोर हौद्याच्या काठावर बसले. आमच्या नाकांत वीतभर अंतर. स्टेडियमवरची हलगी ऐकू येऊ लागली होती.

“अण्णा, बोलून बोलून तालीम निम्मी झाली,” सर्जेराव म्हणाले. “आता रुमाल टाका.”

गुळाच्या बाजारात सौदा तोंडानं करत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि त्याखाली बोटं दाबून आकडा सांगतात, म्हणजे भोवतालच्या शहाण्यांना तो कळत नाही. हात सुटला की सौदा पक्का. शेवटची दाबलेली बोटं तोच आकडा. आयुष्यभर मी रुमालाखाली कुणाला फसलो नव्हतो. डोळ्यांपेक्षा माझी बोटं जास्त शिकलेली होती.

मी खांद्यावरचा पंचा आमच्या हातांवर टाकला. जागा इतकी कमी होती की त्याचं एक टोक हिंदुरावांच्या मांडीवर गेलं आणि दुसरं हौद्यातल्या मातीवर लोळलं. खाली मी सर्जेरावांचा पंजा चाचपला आणि पाची बोटं दाबली. पाच पाय न्या, एक राहू द्या. कुठला ते मी सांगणार नव्हतो. ते माझं मी बघून घेणार होतो. हौद्यात एक पाय आणि वर हंकारे, माती आपली, कप आपला, आणि काही वर्षांनी मातीतून वर येणारं एक डोकं, ज्याचं नाक कदाचित माझ्यावर गेलेलं असेल.

पलीकडचा पंजा जरा हलला. मग माझ्या तळव्यावर बोटं टेकली. मी मोजली. सहा.

मी मान हलवली आणि पुन्हा पाच दाबली. पुन्हा सहा. घट्ट, आणि जरा ओलसर. मला राग आला. या माणसाला मी सणासुदीला घरच्या ढेपा पाठवल्या होत्या. मी पाच दाबून हात गदागदा हलवला. सहा. मी हात जरा मागं ओढला, तर ती बोटं माझ्या करंगळीला धरून बरोबर आली.

“अण्णा, आटपा,” हिंदुराव म्हणाले. “पोरं मैदानात उतरली असतील.”

“हा माणूस सहाच्या खाली येईना.”

सर्जेराव माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघत होते. अडतीवर समोरचा मुरलेला असला की असाच बघतो, म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नाही. मास्तर म्हणाले, देऊ नका. हिंदुराव म्हणाले, देऊन टाका, पण लवकर. भिंत सरकली आणि आम्हा चौघांचे खांदे एकमेकांत बसले. वरून हंकारे म्हणाला की शिट्टी झाली होती. तो म्हणाला म्हणजे झालीच असणार. बाहेर गल्लीतले गोल अस्वस्थ होऊन एकमेकांवर आपटू लागले. हिराक्का लुगडं ओढून काढत कुणाला तरी शिव्या देत होत्या, बहुधा मला.

मी शेवटची पाच दाबली. सहा आली, आणि या वेळी ती सोडेचनात.

दोन दिवसांत मी घरचं जेवलो नव्हतो. पाठीला कपाट, मांडीवर हिंदुराव, डोक्यावर सिद्ध झालेला खेळाडू. मी म्हणालो, “घे बाबा. तुझंच खरं. सगळे घे.” आणि रुमालाखाली आधी पाची बोटं दाबली, मग एक. सहा झाली. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याच्या आकड्यावर आलो.

“कुणाशी बोलताय, अण्णा?” सर्जेरावांनी विचारलं.

“तुमच्याशीच की.”

“आपलं पाचावर झालं ना? तुम्ही पाच दाबलीत, मी म्हटलं, जाऊ दे, म्हाताऱ्याला एक ठेवायचाय. हात तर मी तेव्हाच काढला.”

त्यांचे दोन्ही हात वर होते. ते फेटा सारखा करत होते.

हिंदुरावांनी माझ्याकडे बघितलं, मास्तरांनी रुमालाकडे. मी हात सोडला नाही. सोडला की सौदा पक्का, आणि तो कुणाशी झाला ते मला सांगता येत नव्हतं. करंगळीवरची पकड जराही ढिली झाली नाही. हौद्याच्या कडेला मातीवर लोळणारं पंचाचं टोक हललं, आणि मधोमध, माझ्या हाताला वर वर नेत, रुमाल गुडघ्याच्या आकाराचा होऊ लागला.