जेवणाच्या सुट्टीचा भोंगा

बजाबाईनं ताटातली सुपारी उचलली, पदरानं पुसली आणि मुलाच्या बापाच्या, हिंदुरावांच्या, पुढ्यात परत ठेवली. शेजारी बत्ता होता, हळदकुंकू होतं, पानं होती. आता नुसती फोडायची बाकी होती.

हिंदुराव मात्र खिडकीकडे बघत बसले होते. खिडकीला काळा कागद डकवलेला, त्यात बघण्यासारखं काय होतं देव जाणे. पण एकाहत्तरच्या त्या डिसेंबरात सोलापूरच्या नव्या पेठेतली निम्मी माणसं अशीच कुठेतरी बघत बसायची.

"रेडिओ ऐकला का, पाव्हणं?" त्यांनी बजाबाईच्या नवऱ्याला, जोतीरामला, विचारलं. "अमेरिकेचं आरमार निघालंय आपल्याकडं. जहाजावर अणुबॉम्ब हाय म्हणं. असल्या दिवसात कार्य काढायचं म्हंजे..."

"म्हंजे काय?" बजाबाई मध्येच बोलली. नवऱ्यानं डोळे वटारले, तिकडे तिनं बघितलं नाही.

"लढाई मिटू द्या, ताई. मग बघू."

हे 'मग बघू' बजाबाईच्या चांगलं ओळखीचं होतं. लेकीची, सारजाची, पहिली सोयरीक याच दोन शब्दांनी मोडली होती. आता दुसरी मोडली की लोक पोरीतच खोट काढणार, आणि मग या उंबऱ्याला कुणाचे पाय लागणार? आत सारजा चहाजवळ उभी होती. चहा उकळून उकळून काढा झाला, तरी ती तो गाळत नव्हती.

"तुमच्या मोडनिंबावर कोण बॉम्ब टाकणार हाय?"

"मोडनिंबावर न्हाय. पर आमचा पोरगा रामहरी रेल्वेत हाय, हितल्या ठेसनात. पयला बॉम्ब ठेसनावरच पडतो. मी त्याला गावाकडं न्यायला आलोय."

माणूस खोटारडा नव्हता. थंडीच्या दिवसात त्याच्या कपाळाला घाम आला होता. बजाबाईला त्याची कीव आली, पण रागही काही कमी आला नाही.

"दिल्ली बोलणी करतीया की. रशियाशी करार बी झालाय," जोतीराम घसा खाकरून म्हणाला. गिरणीत मागाच्या आवाजावर आवाज चढवणारा हा गडी घरात मात्र तोंडातल्या तोंडात बोलायचा.

"बॉम्बाम्होरं बोलणी काय कामाची?"

"बोलणीच कामाची," बजाबाई म्हणाली. "आता तुमच्यात आमच्यात बोलणी चाललीत. समोरच्यानं दारात धा पैलवान आणून हुबं केलं, म्हणून उठून पळायचं व्हय? त्यास्नी पाट द्यायचा, पाणी द्यायचं, आन् आपलं म्हणणं सोडायचं न्हाय. भिणाऱ्याशी कोण बोलत न्हाय, पाव्हणं. त्याला नुसतं सांगत्यात."

भिंतीशी हिंदुरावांची बायको, सोजरबाई, बसली होती. आल्यापासून तिच्या तोंडून शब्द नव्हता. तिनं एकदा मान वर करून बजाबाईकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

तेवढ्यात भोंगा वाजला.

लांब, सरळ, एकसुरी. लढाई लागल्यापासून गावाला बजावून ठेवलं होतं: भोंगा तुटक वाजला तर धोका, सरळ वाजला तर गिरणीचा. सोलापूरच्या शेंबड्या पोरालाही हे कळत होतं. हा तर दुसऱ्या पाळीच्या जेवणाच्या सुट्टीचा भोंगा. जोतीराम ते सांगायला तोंड उघडणार, इतक्यात बजाबाईनं त्याच्या मांडीला असा चिमटा काढला की तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"दिवा! आधी दिवा घालवा!" हिंदुराव ओरडले आणि त्यांनीच उठून कंदील फुंकला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. यांच्या पाठी गिरणीचा भोंगा लागला होता.

अंधारात बजाबाई गुडघ्यांवर पुढे सरकली. मुलीच्या आईनं स्वतःच्या हातानं सुपारी फोडायची नसते, हे तिला ठाऊक होतं. उद्या चार माणसं तोंडात शेण घालतील. घालू देत. तिनं ताट चाचपलं. पानं लागली, हळदीची वाटी लागली. बत्ता लागला नाही. सुपारीही जागेवर नव्हती.

कट्टकन आवाज झाला.

भोंगा थांबला. जोतीरामनं काडी ओढून कंदील लावला. ताटात सुपारीची दोन शकलं पडली होती आणि बत्ता मुकाट्यानं आपल्या जागी होता.

"कुणी फोडली?" हिंदुराव गरजले.

"मी," बजाबाई म्हणाली. कुणी फोडली ते तिलाही ठाऊक नव्हतं. पण ज्यानं फोडली त्याच्यावर ती बालंट येऊ देणार नव्हती.

"अंधारात सुपारी फोडत्यात व्हय?"

"बॉम्बाच्या भ्यानं लगीन करायचं न्हाय, अंधारात सुपारी फोडायची न्हाय. मग आमच्या पोरींनी करायचं तरी काय?"

हिंदुराव त्या दोन शकलांकडे बघत राहिले. फुटलेल्या सुपारीवरून त्यांच्या घराण्यात कुणी मागे फिरलं नव्हतं. अमेरिका लांब होती, मोडनिंबची चार माणसं जवळ होती. शेवटी त्यांनी एक शकल उचलून तोंडात टाकलं.

"रामहरीला सांगावा धाडा," ते म्हणाले. "आन् तारीख काढा."

सारजा काळाकुट्ट चहा घेऊन आली. घाईनं पुढे करताना तो निम्मा बशीत सांडला.

सोजरबाईनं बशी घ्यायच्या आधी मांडीवरचा सुपारीचा भुगा हळूच झटकला. मग ती बजाबाईच्या कानाशी वाकली.

"माजं म्हायेर हितलंच हाय, विहीणबाई. गिरणीच्या चाळीतलं." तिनं चहाचा घोट घेतला. "जेवणाच्या सुट्टीचा भोंगा अजून तसाच वाजतो की."