आबांनी मला उन्हात ठेवलं

मित्रांनो, माझ्या पाठीवर कमरपट्ट्याच्या बकलानं पडलेले ओरखडे आहेत. ते पाहिलेत की माझं वय विचारावं लागणार नाही. मी लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार. सहा तारा, लांब लाकडी मान आणि मानेवर धातूच्या आडव्या बारीक पट्ट्या.

माझं तारुण्य श्रीरामपुरात, लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गेलं. बजरंग मला वाजवायचा. कार्यक्रम संपला की घामेजलेल्या तारा तो आधी मऊ फडक्यानं पुसायचा, मगच पंगतीला बसायचा. साथीदार चिडवायचे, "बायकोला तरी इतकं जपतो का रे?" पुढे डीजे आले आणि ऑर्केस्ट्रा मोडला. मी माळ्यावर गेले, ती बारा वर्षं तिथंच. तारा गंजल्या, आवाजाच्या बटणात धूळ बसली.

मग बजरंगनं मला शेजारच्या यशोधराला दिलं. ती कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. जुन्या टूथब्रशनं तिनं पट्ट्यांमधला मळ काढला, बटणात क्लीनरचा फवारा मारला, नव्या तारा चढवल्या. मोबाईलवर बघून बघून ती माझी देखभाल शिकली. मला पुन्हा कंठ फुटला.

तिचे आजोबा सहादू, म्हणजेच आबा, भीमगीतांच्या गायन पार्टीत चाळीस वर्षं ढोलकी वाजवत होते. पार्टीचे प्रमुख होते भिमाजी. आबांनी आग्रह केला म्हणून भिमाजींनी यशोधराला एक गाणं वाजवायला दिलं. भीमजयंतीच्या संध्याकाळी पुणतांब्याला कार्यक्रम होता. "तिथं वाजली तर पार्टीत. न्हाई वाजली, तर पोरी, म्होरं बसून टाळ्या वाजव," असं ते म्हणाले होते.

जयंतीच्या सकाळी यशोधरा मिरवणुकीत गेली. आबा घरीच होते. नातीचं वाद्य आपणच तयार ठेवावं, असं त्यांना वाटलं. ढोलकीचं चामडं सैल पडलं की ते ती उन्हात ठेवत. चामडं ताणलं जाई, ढोलकी कडक बोलू लागे. त्याच मायेनं त्यांनी मला अंगणात, एप्रिलच्या उन्हात ठेवलं.

पण मी चामड्याची नव्हते. उन्हानं माझ्या तारा सैलावल्या, सूर उतरला. आबांनी खुंट्या पिळल्या. सूर पुन्हा उतरला, त्यांनी पुन्हा पिळल्या. मग मला घरात नेलं. सावलीत तारा थंड होऊन आखडल्या. बारीक तार फटकन तुटली, आणि बाकीच्या तारांच्या ओढीनं माझी तापलेली मान पुढे वाकली.

यशोधरा आली. तिनं तार दाबून पाहिली. तारा इतक्या उंच झाल्या होत्या की दाबूनही पट्टीला टेकेनात.

"आबा, हिला काय केलं?"

"जरा ऊन दिलं, बाय. ढोलकीला देतो तसं."

"विचारायचं तरी!" ती रडायलाच लागली. "चारला टेम्पो येईल. मी काय वाजवू आता?"

आबा उंबऱ्यावर बसले. "माझंच चुकलं," ते हळूच म्हणाले. "भिमाजीला मी सांगतो, पोरीचा दोष न्हाई."

 डोळे पुसून तिनं माझ्या तारा सैल केल्या आणि मला पंख्याखाली निवू दिलं. मित्रांनो, माझ्या मानेत एक लोखंडी सळई आहे. किल्लीनं तिचा नट आवळला की मान सरळ होते. पण जोर केला तर सळई तुटते. यशोधरानं पाव फेरा दिला. तार लावली, पट्ट्यांवरचं अंतर पाहिलं. पुन्हा सैल केली, पुन्हा पाव फेरा. असं तीनदा. मग नवी तार चढवली.

आता तारा नीट दबत होत्या, पण सूर खटकत होता. मोकळी तार बरोबर बोले, मधोमध दाबली की बिघडे. किती बिघडते ते यशोधराला नेमकं कळेना. मोबाईलवर बघावं, तर बाहेर मिरवणुकीचे ताशे वाजत होते, मोबाईलला माझा सूर पकडता येईना.

"आबा, इकडं या. तुम्ही ऐका."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"सूर कळतो ना? मग बसा."

आबांनी माझ्या अंगाला कान टेकवला. "चढी हाय." तार जिच्यावर टेकते ती छोटी घोडी तिनं पेचकसानं मागे सरकवली. "अजून. अजून थोडी. आता उतरली की गं, परत ये!" ती हसली. सहाही तारा लागेपर्यंत दारात टेम्पोचा हॉर्न वाजत होता.

पुणतांब्याला मी वाजले. यशोधराचं बोट एकदा चुकलं. आबांनी ढोलकीवर ठेका धरून ठेवला आणि ती पुन्हा लयीत आली. गाणं संपल्यावर भिमाजींनी टाळ्यांची वाट न पाहता माईकमध्ये विचारलं, "यशोधरा, म्होरचं गाणं येतं का?"

मित्रांनो, प्रत्येक वाद्याची सोसण्याची रीत वेगळी असते. हात लावण्याआधी ती विचारून घ्या. मला ऊन नको, घाम पुसायला कोरडं फडकं हवं, आणि किल्ली हातात असेल तर धीर. आणि घरातल्या कुणाच्या हातून मायेपोटी काही बिघडलं, तर त्या माणसाला उंबऱ्यावर बसवून ठेवू नका. दुरुस्तीला जवळ घ्या.