हँडलपर्यंत पाणी

जाहिरातींतलं पाणी मी बनवते. पनवेलच्या एसटी स्टँडमागे, कपड्यांच्या दुकानाच्या वर आमचा स्टुडिओ आहे. तिथे बसून मी कॉम्प्युटरवर पूर आणि लाटा उसळवते. सध्याच्या जाहिरातीत एक लाल गाडी दाराच्या हँडलपर्यंतच्या पुरातून रुबाबात निघून जाते. क्लायंटचे नखरे सांभाळताना तोंडाला फेस आला, पण पाणी झालं झकास. रविवारी घरी बाबांना ते दाखवलं आणि वर शेखी मिरवली, "एकेक थेंब हिशेबानं हलतो, बाबा. अगदी खऱ्या पाण्यासारखा."

बाबांची छाती फुगली. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हीच गाडी घेतली होती, फक्त पांढरी. त्या दिवशी त्यांनी ती क्लिप चहा गार होईपर्यंत पुन्हा पुन्हा पाहिली.

आज दुपारी त्यांचा फोन आला. आई-बाबा शिरढोणहून बारसं आटोपून परतत होते.

"इरा, रेल्वेखालच्या सबवेत पाणी भरलंय. चाकं बुडतील एवढं. घालू ना गाडी?"

"अजिबात नाही!"

"अगं, तुझी गाडी तर हँडलपर्यंतच्या पाण्यातून गेली. तूच म्हणालीस ना, सगळं हिशेबानं आहे?"

मागून आईचा आवाज आला, "अहो, ती नको म्हणतेय ना!" मग हॉर्नचा गोंगाट, आणि बाबांचा निवृत्तीनंतरही न गेलेला साहेबी सूर, "काही होत नाही गं." फोन कट झाला.

जे बाबांना सांगायचं मला सुचलंच नव्हतं, ते आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. हिशेब फक्त पाण्याचा असतो. गाडीचा रस्ता आधीच आखलेला असतो आणि ती त्यावरून जाणार म्हणजे जाणारच. गाडी पाण्याला ढकलते, पाणी गाडीला हलवू शकत नाही. त्यासाठी वेगळी सोय असते, पण ती मी बंद ठेवली होती. चालू केली की गाडी वाहून जाते, आणि वाहणारी गाडी कोण विकत घेणार?

दोघांचेही फोन लागेनात. शेजारच्या टेबलावरच्या निकेशनं माझा चेहरा पाहिला आणि न विचारता स्कूटरची किल्ली उचलली. वाटेत तो धीर देत होता, "काही होत नाही गं." तेच शब्द पुन्हा ऐकले आणि मला रडू फुटलं.

सबवेच्या तोंडाशी गर्दी होती. माणसांच्या डोक्यांमधून पांढरा टप दिसला. गाडी आडवी होऊन तरंगत होती, भिंतीला धडकत होती, सावकाश फिरत होती. पाणी काचेला लागलं होतं. आत कोणी आहे का ते दिसेना. मी किंचाळत होते म्हणे, मला आठवत नाही.

कुणीतरी माझं कोपर धरलं. आई होती. नखशिखान्त भिजलेली, अनवाणी. तिच्या मागे टपरीच्या फळीवर बाबा बसले होते. दोन रिक्षावाल्यांनी दोघांनाही खिडकीतून ओढून काढलं होतं. जीव भांड्यात पडला.

"मध्यावर गेलो आणि चाकं जमिनीवरून सुटली," बाबा म्हणाले. "मी स्टिअरिंग फिरवतोय आणि गाडी आपली पाण्याबरोबर चाललीय. इरा, तुझ्या गाडीचं असं का नाही झालं?"

"मी होऊ दिलं नाही, बाबा."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात फोन वाजला. आमची प्रोड्यूसर हेतल होती. ओल्या बोटानं स्पीकरच चालू झाला.

"इरा, क्लायंट फिदा आहे! फायनल झालं! फक्त पाणी अजून चार बोटं वाढव म्हणतायत. शनिवारच्या मॅचमध्ये लागणार."

बाबांनी माझा हात घट्ट धरला. त्यांचा हात बर्फासारखा गार होता.

"मॅच तर घरोघरी बघतात गं," ते म्हणाले.