हारूनभाईंची कोरी तारीख

दुक्मच्या कामगार-कॅम्पात गुरुवारी सकाळी सुट्टीवर जाणाऱ्यांची यादी लागली आणि तीत हारूनभाई पावसकर नव्हते. माणूस वेल्डर, मूळचा रत्नागिरीचा. रविवारी लेकीचा, तस्नीमचा निकाह. मस्कत विमानतळाची बस बाराला सुटणार, आणि यादीत नाव नाही त्याला बसमध्ये जागा नाही.

यादीचा प्रोग्राम आशुतोषचा. पुण्याचा पोरगा, हुशार, आणि तोराही तेवढाच. "डेटाच चुकीचा असणार," म्हणत त्यानं हारूनभाईंची नोंद उघडली आणि त्याचा चेहरा उतरला. हारूनभाईंची मेडिकल झाली होती, रिपोर्ट यायचा होता. रिपोर्टची वाट बघणाऱ्याला सुट्टी मिळते, मेडिकलची मुदत संपलेल्याला नाही. कारकून रमणनं प्रामाणिकपणे मुदतीची तारीख कोरी ठेवली होती. घोळ पुढे होता. दोन वर्षांपूर्वी प्रोग्राम तपासणारा कंपायलर कुरकुरला, तारखेच्या जागी तारीखच हवी म्हणून. त्याचं तोंड बंद करायला आशुतोषनं कोऱ्या जागी ठोकून दिलं: एक जानेवारी, सन एक. म्हणजे हारूनभाईंच्या मेडिकलची मुदत दोन हजार वर्षांपूर्वीच संपलेली.

साडेदहा वाजले होते. हारूनभाई बॅग घेऊन समोरच बसले होते. त्यांचा फोन वाजला, त्यांनी घेतला नाही.

"तस्नीम आहे," ते म्हणाले. "येतो म्हटलं आणि नाही जमलं, तर पोर मोडून पडेल. नाही येत म्हटलं, तर आतापासनंच रडेल. कळेपर्यंत काहीच सांगत नाही."

आशुतोषला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे या माणसाला कळत होतं, ते त्याच्या प्रोग्रामला कळत नव्हतं.

त्यानं तारखेच्या टाइपपुढे एक प्रश्नचिन्ह टाकलं: तारीख असेल, नसेलही. लगेच कंपायलरनं एकवीस ठिकाणी बोट ठेवलं, इथे तारीख नसली तर काय करशील? एरवी आशुतोष चिडला असता. आज त्यानं निमूटपणे एकेका जागेचं उत्तर लिहिलं.

पावणेबाराला नवी यादी निघाली. हारून पावसकर. मेडिकल: रिपोर्ट यायचा आहे. सुट्टी: मंजूर. आशुतोषचा जीव भांड्यात पडला.

"चूक माझीच होती, हारूनभाई."

"आता खलास ना? मग झालं." त्यांनी फोन लावला. "तस्नीम, आता सांगतो, बेटा. येतोय मी."

पलीकडे पोरगी रडायला लागली, ते आशुतोषलाही ऐकू आलं. हारूनभाई हसत होते. आशुतोषनं त्यांची बॅग उचलली आणि बसपर्यंत नेऊन दिली.