आपोआप भरलेला पत्ता

"आधी नंबर टाक. रकाने आपोआप भरतील. पण भरले म्हणजे खरे झाले, असं समजू नकोस. समोरच्याला एकेक मोठ्यानं वाचून दाखव आणि मगच बटण दाब."

बाईंचं हे जुनं सांगणं मनात घोळत असतानाच चिमणीनं नंबर टाकला. खिडकीपलीकडे बाईच उभ्या होत्या. पापणी लवायच्या आत त्यांचं नाव, वय, पत्ता पडद्यावर उमटला. खाली लाल अक्षरं होती: शस्त्रक्रियेला गैरहजर.

"बाई, तारखेला आला नाहीत तुम्ही?"

"तारीख कळायला पत्र तर यायला हवं."

रुग्णालयाच्या याच खिडकीत तीस वर्षं बसून बाई निवृत्त झाल्या होत्या. आवाज बारीक म्हणून हिचं चिमणी हे नाव त्यांनीच ठेवलेलं. निरोपाच्या दिवशी त्यांचा हात धरून चिमणीनं शब्द दिला होता, वाचून दाखवायचा नेम मोडणार नाही.

तिनं आता पत्ता मोठ्यानं वाचला. बाईंनी मान हलवली.

"ते घर सुटलं गं. मुलानं विकलं. वर्ष झालं, भाचीकडे असते. नोंदीतला फोन नंबरही त्याचाच आहे."

"मग मागच्या खेपेला बोलला का नाहीत?"

"तू वाचशील म्हणून थांबले होते." बाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. "मागे एवढी रांग. मुलानं बाहेर काढलं, हे आपणहून कसं सांगायचं? विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

'तुम्हाला काय वाचून दाखवायचं, बाई!' असं हसत म्हणून चिमणीनं त्या दिवशी बटण दाबलं होतं.

साहेब मागून येऊन पडद्यावर वाकले.

"पत्ता बदलला तर पेशंटनं कळवायचं. आता चार महिन्यांनंतरची तारीख."

"मी थांबेन हो," बाई हळूच म्हणाल्या. "गाठ थांबेल का, ते तिला विचारा."

साहेब निघून गेले. चिमणीनं भाचीचा पत्ता भरला, वाचून दाखवला.

"बरोबर," बाई म्हणाल्या. मग जाता जाता थबकल्या. "बाकीच्यांना तरी वाचतेस ना?"

चिमणीनं टेबलावर नसलेली धूळ पुसली. वाचण्यात वेळ जातो, बंद करा, असं साहेबांनी बजावलं, तेव्हा तिला सुटल्यासारखंच वाटलं होतं.

खिडकी बंद झाल्यावर तिनं खालचा खण ओढला. 'या पत्त्यावर राहत नाहीत' असा शेरा घेऊन परत आलेली पाकिटं रबरात बांधून पडली होती. सगळ्यांत वर बाईंचं. ते तिनं बाजूला ठेवलं, बाकीची एकेक करून नोंदींशी ताडून पाहिली. सात जणांची तारीख अजून उलटली नव्हती. एकाची परवाच होती.

जुन्या घराशेजारी कुणीतरी असेलच, विचारता येईल.

सात पाकिटं पिशवीत घालून तिनं चपला चढवल्या. जिन्यावरून उतरताना पहिल्या पाकिटावरचं नाव ती मोठ्यानं वाचू लागली.